नेरळचा घाट आणि समतोल-रेषेचा इतिहास

नेरळहून माथेरानास जाणारा लघुमापी लोहमार्ग १९०७ साली खुला झाला. त्या चढावर हवेचा दाब घटत जातो व माथ्यावर पाणी नेरळपेक्षा सुमारे अडीच अंश सेल्सिअस आधी उकळते. पाण्याच्या द्रव व बाष्प या दोन प्रावस्थांमधील समतोल-रेषेचा हा एक लहानसा तुकडा होय. (‘प्रावस्था’ हा शब्द ‘अवस्थे’हून वेगळा ठेवणे युक्तच आहे. तेल आणि पाणी यांची अवस्था एकच, द्रव. प्रावस्था मात्र दोन.)

अशा समतोलाचे सर्वसाधारण शास्त्र गिब्ज याने १८७६ ते १८७८ या काळात मांडले. मिश्रणांचे आलेख पुढे दीर्घकाळ प्रयोगातील नोंदींवरून हाताने काढीत. आज मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील ‘फॉसी’ प्रकल्पाने प्रसारिलेल्या ‘डीडब्ल्यूसिम’ या मुक्त संगणक-प्रणालीत तोच आलेख क्षणार्धात उमटतो.

मात्र तो कोणत्या समीकरणावरून उमटला, हे विद्यार्थी क्वचितच विचारतो. एथिल मद्य व पाणी यांना राउल्टचा आदर्श नियम लावल्यास, केवळ ऊर्ध्वपातनाने शुद्ध मद्य मिळेल असे आलेख दर्शवितो. वस्तुतः वातावरणीय दाबाखाली, वजनी सुमारे ९५.६ टक्के मद्य झाले की बाष्प व द्रव यांचे घटक-प्रमाण एकच होते आणि पृथक्करण थांबते. रेनाँ व प्राउस्निट्झ यांच्या १९६८ च्या ‘एनआरटीएल’ समीकरणात हा बिंदू सापडतो. कारण त्यातील स्थिरांक कोणीतरी प्रयोगशाळेत केलेल्या मोजमापांवरूनच बसविलेले असतात.