न वाचणाऱ्यांची राखण

दलितांच्या शिक्षणाचा इतिहास आजवर लिहिला गेला तो संस्थांचा आणि पुढाऱ्यांचा. शाळा कोणी काढली, वसतिगृह कोणी चालवले, ठराव कोणी मांडला याची नोंद झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु ज्या घरातले पोर पहिल्यांदा पाटीवर मुळाक्षरे गिरवू लागले, त्या घरातल्या आईबापांनी काय सोसले आणि काय केले, हा प्रश्न या इतिहासाने क्वचितच विचारला. अडाणी आईबाप म्हणजे शिक्षणाच्या वाटेतली धोंड, ही प्रस्थापितांची समजूत आपल्यातल्या शिकलेल्यांनीही नकळत स्वीकारली आहे. ती तपासून पाहिली पाहिजे.

गावगाड्यात अक्षर कोणाकडे होते? कुलकर्ण्याच्या दप्तरात, सावकाराच्या चोपडीत आणि भटाच्या पोथीत. महारवाड्यात अक्षर येई ते अंगठा घ्यायला. विटंबना अशी की सरकारी टपाल पोचवणे हे महारकीच्याच कामांपैकी एक होते. ज्याच्या पायांवर कागद गावोगाव फिरत होता, त्याला त्या कागदात काय लिहिले आहे हे कळण्याची सोय नव्हती. म्हणून या माणसाने आपले पोर शाळेत धाडले तेव्हा ते केवळ नोकरीच्या आशेने धाडले असे म्हणता येणार नाही. आपल्या अंगठ्यावर काय लिहून घेतले जाते हे कळणारा घरात एक तरी असावा, ही त्यामागची साधी, भुकेइतकी खरी गरज होती.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली आणि पुढच्या काही वर्षांत महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा सुरू केल्या. त्यातलीच मुक्ता साळवे ही मांगाची मुलगी. तिचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. आपण तिचे नाव घेतो ते योग्यच. पण मुलगी शाळेत जाते म्हणून बोल लावणाऱ्या काळात तिला घरातून रोज बाहेर पडू देणारे हात कोणाचे होते? इतिहासाच्या पानावर त्या हातांना जागा मिळालेली नाही.

पुढच्याच वर्षी, १८५६ च्या जूनमध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. त्याने थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला. न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे हे सरकारने तत्त्वतः मान्य केले. मात्र एका मुलासाठी हस्तक्षेप केला तर इतरांसाठी शाळा निरुपयोगी होईल, असे म्हणून हात झटकले. हक्क मान्य, प्रवेश अमान्य! हा कागद बाबासाहेबांनी पुढे आपल्या लेखनात मुद्दाम उद्धृत केला. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनीही हेच दाखवून दिले, की जातिद्वेषामुळे महार-मांगांची मुले शाळांतून जवळजवळ वगळली गेली आहेत. खालच्या वर्गांतल्या आईबापांनी मुले शाळेत पाठवावीत म्हणून शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्यावीत, ही मागणीही त्यांचीच. गुरे राखणारे पोर शाळेत बसले की घरातली एक मिळकत बुडते, हे ज्याला कळते तोच अशी मागणी करतो.

या काळात वाचू शकणारा अस्पृश्य बाप घडला तो मुख्यतः लष्करात. कंपनीच्या फौजेत शिपायांना व त्यांच्या मुलांना शिकवण्याची सोय होती. सुभेदार रामजी सकपाळ याच परंपरेतले. लष्करी शाळेत त्यांनी मुख्याध्यापकाचे काम केले होते. साताऱ्याच्या शाळेत त्यांचा भीमराव वेगळ्या गोणपाटावर बसे. ते गोणपाट शाळेचा गडी शिवत नसे, म्हणून रोज घरी न्यावे लागे. शिपाई नसला की पाणीही मिळत नसे. शाळा अशी होती आणि घर असे होते की परळच्या चाळीतल्या एका खोलीत बाप पहाटे दोनला मुलाला अभ्यासाला उठवत होता, पुस्तकासाठी लेकीचा दागिना गहाण टाकत होता. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, त्यामागे या बापाची राखण आहे. दरम्यान १८९२-९३ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली आणि अक्षराची ती एक वाटही बुजली.

त्यानंतर जी पिढी शाळेत गेली तिचे आईबाप बहुसंख्येने निरक्षर होते. पोर वाचते ते बरोबर की चूक हे त्यांना कळत नव्हते. पण पोराला शाळेत कसे वागवतात हे त्यांना चटकन कळत होते, आणि राखण त्यांनी तिथेच केली. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (१९८०) गाढवांवर बिऱ्हाड लादून फिरणारा कैकाडी बाप पोराला शाळेत घालण्याचा हट्ट सोडत नाही. उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) आयदाने विणून घर चालवणारी विधवा आई लेकीला मारणाऱ्या गुरुजींना जाब विचारते. ओमप्रकाश वाल्मीकींच्या 'जूठन' या हिंदी आत्मकथनात (१९९७) हेडमास्तरने मैदान झाडायला लावलेल्या मुलाच्या हातातला झाडू बाप हिसकावून फेकून देतो. या तीन घरांना धडा तपासता येत नव्हता, की त्याला वेळ नव्हता. धडा शिकण्याचा हक्क मात्र त्यांनी तपासला. याला अडाणीपणा म्हणायचे काय?

वाचायला शिकलेले पोर मग वस्तीचेच वाचक झाले. मुंबईहून आलेले पत्र त्याने वाचायचे, 'जनता'चा अंक कंदिलाच्या उजेडात त्याने मोठ्याने वाचायचा आणि म्हाताऱ्यांनी ऐकायचे. ऐकणारे अडाणी होते, पण चळवळ त्यांना पाठ होती.

या प्रवासाची एक किंमतही होती. पुस्तकाने पोराला 'पाणी' शिकवले आणि त्याच दिवशी आईचे 'पानी' अशुद्ध ठरले. अक्षर हाती आले ते आईच्या भाषेची लाज घेऊन. शिकलेला मुलगा पाहुण्यांसमोर आईला गप्प बसवू लागला, हे आपल्या समाजाचे कमी बोलले गेलेले दुःख आहे. दलित आत्मकथनांनी तीच बोली छापून आणली, तेव्हा या लाजेला पहिले उत्तर मिळाले.

१९६१ च्या जनगणनेत देशातल्या अनुसूचित जातींची साक्षरता १०.२७ टक्के होती, स्त्रियांची ३.२९. २०११ साली हेच आकडे ६६.०७ आणि ५६.४६ झाले. ही वाढ कायद्याने झाली, चळवळीने झाली आणि न वाचता येणाऱ्या लक्षावधी आईबापांच्या राखणीने झाली. आजही ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांत पहिल्यांदाच वाचणारी मुले आहेत. हंगाम सुरू झाला की त्यांचा धडा मोडतो. अशा मुलांविषयी 'घरी लक्ष देणारे कोणी नाही' असा शेरा मारणे सोपे आहे. आपल्यातल्या शिक्षकांनी हा शेरा मारू नये. त्या आईबापांना शाळेत बोलवावे, त्यांच्या भाषेला वर्गात जागा द्यावी, हंगामापुरती मुलांच्या राहण्याची सोय मागावी. विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीतल्या वृद्धांकडून पहिल्या पाटीच्या हकिकती लिहून घ्याव्यात. त्यांना लिहिता आले नाही, आपल्याला येते. हे ऋण लिहूनच फेडता येईल.