वाळा : खणलेले मूळ, राखलेले मूळ

उन्हाळ्यात आमच्या घरी पाण्याच्या माठात वाळ्याची जुडी असायची. आजी ती अधूनमधून काढून उन्हात सुकवायची आणि पुन्हा माठात घालायची. पार वास गेल्यावरच ती टाकली जाई. वाळा म्हणजे बाजारात मिळणारी कसली तरी सुगंधी मुळे, एवढीच माझी समजूत होती. या मुळांवर पुरुषभर उंचीचे गवत उभे असते, हे मला फार उशिरा, घरामागची दरड खचल्यावर कळले.

वाळा हे वर्षानुवर्षे टिकणारे गवत. ऊस, बांबू आणि गवती चहा हे त्याचे भाऊबंद. त्याची मुळे आडवी फारशी पसरत नाहीत, सरळ खाली जातात. चांगल्या जमिनीत तीन-चार मीटर खोल. उत्तर भारतातला रानटी वाळा बी धरतो. दक्षिणेतला लागवडीचा वाळा फुलतो, पण त्याचे बी रुजत नाही. त्यामुळे तो रानभर माजत नाही आणि ठोंब फोडूनच लावावा लागतो.

आता या मुळाचा इतिहास पाहा. संस्कृतात त्याला उशीर म्हणतात. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’ नाटकाच्या तिसऱ्या अंकात शकुंतलेचा दाह शमवायला उशीराचाच लेप नेला जातो. आयुर्वेदाने त्याला शीतल मानले. कनौजच्या अत्तरवाल्यांनी त्यापासून खसाचे अत्तर काढले. उत्तरेतल्या राजवाड्यांत आणि पुढे साहेबांच्या बंगल्यांत दारांना वाळ्याच्या ताट्या टांगून त्यांवर पाणी शिंपडत. १७७१ मध्ये लिनियसने या गवताला शास्त्रीय नाव दिले. पण जगभर रुळलेला ‘व्हेटिव्हर’ हा शब्द मूळचा तमिळ, वेट्टिवेर. त्याचा अर्थच मुळी खणून काढलेले मूळ! पुढे हैती, जावा, रियुनियन अशा बेटांवर तेलासाठी वाळ्याचे मळे झाले. हे तेल सावकाश उडते आणि इतर सुगंधांना धरून ठेवते, म्हणून अत्तरांच्या धंद्यात त्याला मोठा मान.

या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. मोल मिळाले ते मातीबाहेर काढलेल्या मुळाला. ते काढायचे तर जमीन खोल उकरावी लागते. उतारावर ती उकरली आणि वर पाऊस आला, की माती वाहून गेलीच म्हणून समजा.

पण याच गवताचा दुसरा इतिहासही आहे. तो ना काव्यात आला ना अत्तराच्या कुपीत. कर्नाटकात गुंडलुपेटच्या बाजूचे शेतकरी पिढ्यानपिढ्या बांधावर वाळा लावत आले. मूळ खणायचे नाही. पाला कापून गुरांना घालायचा किंवा शाकारणीला वापरायचा, एवढेच. १९५० च्या दशकात फिजीमध्ये जॉन ग्रीनफिल्ड यांनी उसाच्या उतारांवर वाळ्याच्या ओळी लावून माती अडवली. १९८० च्या दशकात तेच ग्रीनफिल्ड आणि रिचर्ड ग्रिमशॉ जागतिक बँकेच्या कामासाठी भारतात होते. त्यांनी ही पद्धत पुन्हा पुढे आणली आणि १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने तिच्यावर पुस्तक काढले. आमच्या शेजारच्या राज्यातल्या शेतकऱ्याचे ज्ञान असा फेरा मारून आमच्यापर्यंत पोचले.

पद्धत सोपी आहे. पावसाच्या तोंडावर, उताराला आडव्या, एका पातळीतल्या ओळीत, वीतभरापेक्षा कमी अंतरावर ठोंब लावायचे. दोनेक वर्षांत दाट कुंपण होते. पाणी त्यातून झिरपून पुढे जाते, माती मागे साचते, आणि साचलेल्या मातीतून गवत वर चढत राहते. बांध आपोआप तयार होतो.

आपल्या गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. डोंगर कापून घरे उठतात, खाणींच्या मातीचे ढिगारे उभे आहेत, आणि तांबडे पाणी शेतांत, नद्यांत उतरते. आमच्या दरडीवर मी तीन ओळी लावल्या. फणसाच्या सावलीतली ओळ मेली, कारण कोवळ्या वाळ्याला ऊन लागते. उरलेल्या दोन धरल्या. उभा कापलेला डोंगर वाळा सावरणार नाही, हेही खरे. तिथे पक्का बांधच हवा.

मागच्या उन्हाळ्यात पुतणी म्हणाली, “काका, माठात घालायला थोडी मुळे काढूया?” मी तिला दरडीवर नेले, ओळीच्या मागे साचलेली हातभर माती दाखवली आणि म्हटले, “माठासाठी बाजारातून आणू गो. ही इथेच राहू दे.”