मालमोटारीचा नवशिका सारथि

धंद्यांत नुकताच शिरलेला तरुण प्रथमच गाडी हांकावयास बसतो, तेव्हां त्याच्या हातून होणाऱ्या नुकसानीचा जाब कोणीं द्यावयाचा? हा प्रश्न आम्हांस एका जुन्या विद्यार्थ्यामुळें पडला. त्याची हकीकत पुढें येईलच. प्रथम ग्रंथांकडे वळूं.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत (श्लोक २९३-२९४) गाडी हांकणाऱ्यास 'प्राजक' म्हटलें आहे. प्राजकाच्या अकौशल्यामुळें गाडी भलतीकडे वळून कोणास इजा झाली, तर दोनशे पणांचा दंड गाडीच्या धन्यास. प्राजक कुशल असेल तर दंड त्याचा त्यालाच. आणि अकुशल प्राजकाच्या गाडींत जे बसले असतील त्यांस प्रत्येकीं शंभर. हें शेवटचें वचन आम्हांस फार मार्मिक वाटतें. ज्याला हांकतां येत नाहीं त्याच्या मागें निमूटपणें बसणें हाहि अपराधच ठरला. मूळांत 'आप्त' असा शब्द आहे. त्याचा अर्थ येथें 'विश्वासू' असा न घेतां 'कुशल' असाच घेतला पाहिजे, एरव्हीं मागच्या श्लोकाशीं मेळ बसत नाहीं.

कौटिलीय अर्थशास्त्रांत हीच गोष्ट वयावर नेली आहे. म्हैसूरच्या ग्रंथालयांत आलेल्या ताडपत्रांवरून रा. शामशास्त्री यांनीं हा ग्रंथ १९०९ सालीं छापला, हें वाचकांस ठाऊक आहेच. त्याच्या चौथ्या अधिकरणाच्या तेराव्या अध्यायांत असें आहे कीं, हांकणारा 'बाल' असेल तर गाडींत बसलेला धनी दंड्य. धनी नसेल तर जो बसला असेल तो. अथवा हांकणारा 'प्राप्तव्यवहार' असल्यास तो स्वतः. केवळ बालाच्या स्वाधीन असलेली गाडी राजानें हरण करावी. पुरुष सोळाव्या वर्षीं प्राप्तव्यवहार होतो, हें तिसऱ्या अधिकरणांत सांगितलें आहे. आतां मोटार-वाहन कायद्यांत २०१९ सालीं घातलेलें १९९-अ हें कलम याच्या शेजारीं ठेवून पाहावें. अल्पवयी मुलानें वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी मानावा, त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड व्हावा, आणि वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द व्हावी. एकावरून दुसरें घेतलें असें सुचविण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. साम्य मात्र डोळ्यांत भरतें.

परंतु अकुशलाचा कुशल होतो कसा, याविषयीं या स्थळीं दोन्ही ग्रंथ मुके आहेत. आजचा कायदा वयें सांगतो: मोटार चालवावयास अठरा, मालमोटारीस वीस. हींच वयें १९३९ च्या कायद्यांतहि होतीं. शिवाय १९८८ च्या कायद्याप्रमाणें हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर जवळ असल्यावांचून मालमोटारीचा शिकाऊ परवाना मिळत नाहीं. मधल्या काळांत गरिबाचा मुलगा काय करतो? तो 'किन्नर' होतो. हा शब्द इंग्रजी 'क्लीनर' चा अपभ्रंश आहे, कुबेराच्या गायकांचा नव्हे, हें सांगावयास नकोच. आम्हीं एकदां एका चालकास शुद्ध शब्द सांगूं लागलों, तों तो हंसला. आणि महाभाष्यांतील त्या वैयाकरणाची आठवण होऊन आम्हीच ओशाळलों. त्यानें 'प्राजिता' हा शब्द अशुद्ध ठरवितांच सूतानें त्याला व्याकरणच शिकविलें होतें!

किन्नरानें टॉमी मारून चाकांतील हवा आवाजावरून ओळखावी, ताडपत्री व दोर आंवळावे, चढावर गाडी थांबली कीं चाकामागें दगड लावावा, गाडी मागें घेतांना फाळक्यावर थाप मारून इशारा द्यावा. ज्या गिअरमध्यें घाट चढावा त्याच गिअरमध्यें उतरावा, हें त्याला वस्ताद तोंडीं सांगतो. ही विद्या आमच्या पाहण्यांत तरी कोठें लिहिलेली नाहीं.

आतां ती हकीकत. सातवींत असतां आमच्या शाळेंतून नांव काढलेला एक मुलगा २०११ सालीं आमच्याकडे आला. वय वीस, चार वर्षें किन्नर म्हणून काढलेलीं. मालमोटारीच्या परवान्यास त्या वेळीं आठवी उत्तीर्ण असावें लागे. "गुरुजी, आठवी पास एवढं लिवा," इतकेंच तो म्हणाला. आम्हीं जनरल रजिस्टर काढून त्याला तारीख दाखविली. पोथ्यांतील प्रक्षेप हुडकण्यांत ज्यानें उमेदीचा काळ घालविला, त्यानें स्वतःच्या दप्तरांत प्रक्षेप कसा करावा? सतराव्या नंबरचा अर्ज भरून शिकण्याचा उपदेश आम्हीं केला. तो दहावीचा अर्ज. सातवीच्या मुलास त्याचा काय उपयोग, हें तो गेल्यावर ध्यानांत आलें.

पुढें कळलें कीं, वस्ताद निजला म्हणजे रात्रीं गाडी तोच हांकीत असे. एके रात्रीं घाटांत गाडी कठड्यास घांसली. जीव कोणाचा गेला नाहीं. वस्तादानें अपघात आपल्या नांवावर घेतला. मनूच्या हिशेबानें निजलेला वस्ताद शंभर पणांचा धनी झाला असता, आणि मालक दोनशेंचा. आम्ही त्या गाडींत बसलेलों नव्हतों. तरी त्या रात्रीपुरती आमची गणना कोणांत करावी, हें आम्हांस अजून ठरवितां आलेलें नाहीं.

ती शिक्षणाची अट २०१९ सालीं काढून टाकण्यांत आली. मेवात भागांतील लोकांस गाडी येते पण शाळा झालेली नाहीं, असें हरियाणा सरकारनें कळविलें होतें, त्यावरून ही गोष्ट निघाली. आमच्या विद्यार्थ्यासहि मग परवाना मिळाला. त्याची नक्कल त्यानें आपण होऊन आणून दिली. ती आम्हीं पोथ्यांच्या पेटींत ठेविली आहे. सरकारी परवान्यांचें संगणकीय दप्तर 'सारथी' या नांवानें चालतें, हें पाहून बरें वाटलें.

जुने मोटार-परवाने, मालाच्या बिल्ट्या किंवा वस्तादांनीं सांगितलेल्या गोष्टींचीं टिपणें ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं तीं पाहावयास देण्याची कृपा करावी. पाहून झाल्यावर मूळ कागद जसेच्या तसे परत करूं.