स्टेंटचे मूळ वतन

'स्टेंट' म्हटले की आपल्याकडे प्रत्येकाला हृदय आठवते. ओळखीच्या कोणाला तरी दोन स्टेंट टाकलेले असतात, कोणाला तीन. आणि 2017 साली केंद्र सरकारने हृदयातील स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली तेव्हापासून तर हा शब्द घराघरांत इतका रुळला, की त्याची मालकी हृदयरोगतज्ज्ञांकडे वंशपरंपरेने चालत आली असावी असाच सर्वांचा समज झालेला आहे. माझा दावा असा की ही मालकी दस्तऐवजांच्या कसोटीला उतरत नाही. देहाच्या आत, खोल पोकळीत, या शब्दाला पहिले वतन मिळाले ते पित्तनलिकेत. आणि पित्तनलिकेपर्यंत तो आला तोही लंडनच्या एका दंतवैद्याकडून, पहिल्या महायुद्धात छिन्नविच्छिन्न झालेल्या चेहऱ्यांच्या मार्गाने.

प्रथम ज्या वस्तूची ही कैफियत, तिचे काम पाहू. यकृतात तयार होणारे पित्त एका बारीक नलिकेतून लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात उतरते, आणि तेथे पोहोचण्यापूर्वी ही नलिका स्वादुपिंडाच्या शिरोभागातून जाते. त्या भागात किंवा खुद्द नलिकेत कर्करोगाची गाठ वाढली म्हणजे पित्ताची वाट अडते. ते रक्तात चढते, डोळे पिवळे जर्द होतात, लघवी गडद आणि शौच मातकट पांढरे होते, आणि अंगाला अशी खाज सुटते की रोग्याची रात्रीची झोप उडते. अशा वेळी तोंडावाटे आतड्यापर्यंत दुर्बीण नेतात. या दुर्बिणीचा डोळा टोकाशी नसून बाजूला असतो, कारण पित्तनलिकेचे मुख आतड्याच्या भिंतीत असते आणि समोर पाहणाऱ्या दुर्बिणीला ते नीट दिसत नाही. त्या मुखातून एक बारीक तार, क्ष-किरणांच्या पडद्यावर नजर ठेवून, अडथळ्याच्या पलीकडे सरकवली की तारेवरून नळी, आणि नळीमागून तिला ढकलणारी दुसरी नळी, अशा पुढे सारतात. तार काढून घेताच तुंबलेले काळपट हिरवे पित्त नळीच्या तोंडातून भळाभळा आतड्यात उतरू लागते.

आता मूळ पुरुषाकडे वळू. चार्ल्स टॉमस स्टेंट (1807–1885) हा लंडनमधील दंतवैद्य. कवळी बसवण्यासाठी हिरड्यांचा ठसा घ्यावा लागे, आणि त्यासाठी मलाया द्वीपसमूहातील झाडांच्या चिकापासून होणारा गट्टापर्चा वापरीत. हा पदार्थ त्या काळी मोठा मानकरी होता. 1870 साली मुंबई ज्या समुद्री तारायंत्राने विलायतेशी जोडली गेली, त्याच्या तारेवरील आवरणही त्याचेच. पण ठसा घेताना तो आक्रसे आणि आकार बिघडे. स्टेंटने 1856 साली त्यात स्टिअरिन मिसळून त्याला लवचीक व टिकाऊ केले, शंखजिऱ्याची भुकटी घालून वजन आणले आणि वर लाल रंग चढवला. ऊन पाण्यात मऊ होणारा आणि गार होताच घट्ट बसणारा हा मसाला 'स्टेंट्स' या नावाने विकला जाऊ लागला, आणि पुढे त्याचे हक्क लंडनच्या क्लॉडियस ॲश अँड सन्स या पेढीकडे गेले.

येथवरचा मजकूर दंतवैद्यकाच्या कोणत्याही इतिहासात सापडेल. खरे नवल पुढे आहे. योहानेस एसर हा डच शल्यविशारद, जो बुद्धिबळातही हॉलंडमधील अग्रगण्यांत मोजला जाई, महायुद्धाच्या धामधुमीत मध्य युरोपातील रुग्णालयांत सैनिकांचे विद्रूप चेहरे सांधत होता. चेहऱ्याच्या आतील पोकळीला त्वचेचे अस्तर लावायचे तर ते कलम जागेवर धरून ठेवणार कोण, हा त्याचा पेच. त्याने पोकळीत स्टेंटचा मऊ मसाला भरून तिचा हुबेहूब साचा घेतला, त्या साच्याभोवती त्वचेचा पातळ पापुद्रा कच्ची बाजू बाहेर ठेवून गुंडाळला, तो पुन्हा पोकळीत बसवून वरून टाके घातले, आणि कलम रुजल्यावर साचा काढून टाकला. 1917 साली त्याने ही रीत प्रसिद्ध केली. 1920 साली हॅरल्ड गिलीज याने चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेवरील आपल्या ग्रंथात तिचा परामर्श घेतला. दंतवैद्याचे आडनाव एका मसाल्याचे नाव झाले होते. आता ते एका कार्याचे नाव होऊ लागले, आणि ते कार्य म्हणजे ऊती रुजेपर्यंत त्यांना आतून आधार देणे.

या वंशावळीला प्रतिस्पर्धी आहेत, आणि त्यांना सुनावणी न देता निकाल देणे बरे नव्हे. पहिला स्कॉटलंडचा. तेथील बोलीत 'स्टेंट' म्हणजे ताणणे, पसरणे, आणि 'स्टेंट' म्हणजे महसुलाची आकारणीही. आपल्याकडे जमाबंदीचे कामगार असत तसे तेथे 'स्टेंटमास्टर' असत. नळी नलिकेला ताणून धरते, तेव्हा शब्द तेथूनच आला, असे म्हणण्याचा मोह मी समजू शकतो. पण ध्वनिसाम्य म्हणजे वारसाहक्क नव्हे. शल्यविशारदांच्या लेखनात हा शब्द येतो तो एसरच्या साच्याच्या सोबतीने, आणि आकारणीच्या दफ्तरातून शस्त्रक्रियागृहात येण्याची कोणतीही पायवाट मला दिसत नाही. दुसरा प्रतिस्पर्धी वस्तूचा आहे: विसाव्या शतकाच्या आरंभीच जर्मन शल्यविशारद हान्स केर याने पित्तनलिकेत टी अक्षराच्या आकाराची नळी ठेवण्याची वहिवाट पाडली होती, मग तोच आद्य पुरुष का नव्हे? उत्तर असे की केरच्या नळीचे एक टोक पोटाबाहेर येई. ती पित्त काढून देणारी मोरी होती, आतून धरणारा आधार हे तिचे मुख्य काम नव्हते.

तिसरा प्रतिस्पर्धी सर्वांत तगडा, आणि तो हृदयरोगतज्ज्ञांचा. चार्ल्स डॉटर याने 1969 साली कुत्र्यांच्या पायांतील रोहिण्यांत तारेची वेटोळी नळी बसवली, हे खरे. परंतु त्या वेळी त्याने तिला स्टेंट म्हटले नाही. ते नाव त्याच्या लेखणीतून 1983 साली, निटिनॉल या मिश्रधातूच्या वेटोळ्यांविषयी लिहिताना उतरते. उलट 1954 साली मेयो क्लिनिकचे विल्यम रीमाइन आणि जॉन ग्रिंडले यांनी कुत्र्यांच्या पित्तनलिकेत पॉलिएथिलीनची नळी ठेवून केलेल्या प्रयोगांच्या वृत्तान्तात हा शब्द, आजच्या अर्थाने, आलेला आहे. मनुष्याच्या हृदयरोहिणीत पहिला स्टेंट बसला तो 1986 साली, तुलूझ येथे, झाक प्युएल यांच्या हातून. बत्तीस वर्षांचे हे अंतर कोणत्याही दिवाणी न्यायालयात पुरेसे ठरावे.

1920 आणि 1954 यांच्या दरम्यान चेहऱ्याचा शब्द पोटात कसा उतरला, हा या साखळीतील सुटा दुवा. माझे अनुमान असे की दुसऱ्या महायुद्धाने तो जोडला: त्वचारोपण करणारे आणि उदर उघडणारे शल्यविशारद लष्करी रुग्णालयांत एकाच छताखाली आले, आणि एकाची परिभाषा दुसऱ्याच्या तोंडी बसली. शब्द तेव्हाही पुरता स्थिरावला नव्हता, याचा दाखला म्हणजे 1972 साली विलार्ड गुडविन या मूत्ररोग शल्यविशारदाला 'स्प्लिंट', 'स्टेंट' आणि 'स्टिंट' यांतले योग्य कोणते याची चर्चा करावी लागली.

दुर्बिणीची कथा थोडक्यात आटोपते. 1968 साली अमेरिकेत मॅकक्यून यांनी दुर्बिणीतून या नलिकांत रंजक द्रव सोडून त्यांचे चित्र घेतले. जपानी तज्ज्ञांनी ती विद्या परिपक्व केली. 1974 साली जपानमध्ये कावाई आणि जर्मनीत क्लासेन यांनी नलिकेचे मुख दुर्बिणीतूनच कापून रुंद केले. मग 1979 साली, हँबुर्ग येथे, निब झुहेंद्रा यांनी रक्तवाहिन्यांच्या तपासणीची नळी कापून तिचा तुकडा दुर्बिणीतून पित्तनलिकेत बसवला. झुहेंद्रा जन्माने इंडोनेशियाचे. ज्या द्वीपसमूहातील झाडांच्या चिकाने स्टेंटचा मसाला घडला, तेथल्याच भूमिपुत्राने स्टेंटला दुर्बिणीची वाट दाखवावी, यात कार्यकारणभाव नाही हे मी जाणतो; तरी कुळकथा लिहिणाऱ्याला असे योगायोग सोडवत नाहीत. झुहेंद्रांकडे शिकलेले मुंबईचे डॉ. अमित मायदेव यांच्यासारख्यांमुळे ही विद्या आपल्याकडेही रुजली.

पुढचा सगळा झगडा व्यासाचा. नळ्यांची जाडी आजही पॅरिसचा हत्यारे घडवणारा कारागीर शारिएर याच्या मापाने मोजतात, ज्यात तीन अंश म्हणजे एक मिलिमीटर. नळीतून वाहणारा द्रव त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो, हा प्वाझय याचा नियम. त्यामुळे सातच्या जागी दहा मापाची नळी घातली की प्रवाह चौपट होतो. म्हणून दुर्बिणीतील मार्गिका रुंद झाली, आणि ॲम्स्टरडॅमच्या हाउब्रेख्त्से यांची सरळ, दोन्ही टोकांना पंख असलेली दहा मापाची नळी जगभर चालली. 1987 साली इंग्लंडमधील एका तुलनात्मक अभ्यासात, पोटाबाहेरून यकृतात सुई घालून नळी बसवलेल्यांपैकी 33 टक्के रोगी तीस दिवसांत दगावले, तर दुर्बिणीने बसवलेल्यांपैकी 15 टक्के. प्लॅस्टिकच्या नळीत मात्र जंतू आणि पित्ताचा गाळ साचतो, आणि ती काही महिन्यांत बुजते. 1992 सालच्या डच अभ्यासात तिचे मध्यम आयुष्य 126 दिवस भरले, तर आत गेल्यावर स्वतः फुलणाऱ्या धातूच्या जाळीचे 273.

येथेच माझ्या दाव्याचा सर्वांत बळकट पुरावा मिळतो. हृदयातील स्टेंट एकदा बसला की तो रोहिणीच्या भिंतीत मुरतो, तेथेच राहतो. पित्तनलिकेतील प्लॅस्टिकची नळी मात्र बुजली की काढावी लागते, नवी घालावी लागते. एसरचा साचाही काढण्यासाठीच घातलेला असे. कर्करोग बरा करण्याचा अधिकार या नळीला कधीच नव्हता. पित्त उतरू देणे, खाज थांबवणे, रोग्याला केमोथेरपी सोसण्याजोगे करणे, एवढ्याच मुदतबंद कामाची तिला मुखत्यारी आहे. धातूची जाळी बव्हंशी कायमची, म्हणून तिच्यापुरता हृदयरोगतज्ज्ञांचा हिस्सा मी खुशाल मान्य करतो. पण मूळ घराण्याची रीत पाळणारी, काम संपताच उठून जाणारी नळी पित्तनलिकेचीच, आणि वतनाचा निवाडा मी तिच्याच बाजूने देतो.