जुन्या जीपची क्लच केबल आणि दुरुस्तीचा इतिहास : बीड जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
मराठवाड्याच्या वाहतुकीचा इतिहास लिहिताना रस्ते, लोहमार्ग आणि शासकीय निर्णय यांची नोंद घेतली जाते. वाहन चालू ठेवणाऱ्या हातांची नोंद मात्र क्वचितच आढळते. प्रस्तुत लेखात जुन्या जीपमध्ये तापलेल्या एक्झॉस्ट नळ्यांना वळसा घालून क्लचची केबल बसविण्याच्या कामाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. जिल्ह्यात परळी वैजनाथ येथे रेल्वे होती; बीड शहरात मात्र प्रवासी रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ रोजी आली. त्यामुळे बालाघाटच्या डोंगररांगांतील गावांना बाजार, दवाखाना आणि कचेरी गाठण्यासाठी दीर्घकाळ मोटारीवरच विसंबावे लागले. अशा प्रदेशात गाडी बंद पडणे ही केवळ मालकाची अडचण राहत नाही.

परकीय यंत्र :
१९४७ मध्ये महिंद्र कंपनीने अमेरिकेच्या विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडणी सुरू केली. या जीपमध्ये पायाखालच्या पेडलची हालचाल एका आडव्या दांड्यावरून आखूड पोलादी केबलद्वारे क्लचच्या फोर्कपर्यंत जात असे. पुढे पेट्रोल महागले आणि डिझेलकडे कल वाढला. १९७९ मध्ये महिंद्रने प्यूजो कंपनीशी डिझेल इंजिनासाठी करार केला. जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसविण्याची प्रथाही देशभर रूढ झाली. इंजिन बदलले की एक्झॉस्टची वाट बदलते, फोर्कची जागा बदलते आणि मूळ जोडणी निरुपयोगी ठरते. येथेच मिस्त्रीच्या बुद्धीची कसोटी लागते.

तंत्राचे स्वरूप :
आवरणातून सरकणाऱ्या तारेचे तंत्र १८९६ च्या बाउडेन यांच्या पेटंटमुळे प्रसिद्ध झाले. रबरी आधारांवर हलणाऱ्या इंजिनाला ताठ दांड्यापेक्षा लवचिक केबल सोयीची असते. तथापि तिचे काही नियम आहेत. आवरणाची दोन्ही टोके घट्ट बांधावी लागतात, अन्यथा पेडल दाबल्यावर तारेऐवजी आवरणच हलते. वळणे मोठी असावीत. अरुंद वळणात घर्षण वाढते व पेडल जड होते. ओतीव मॅनिफोल्डच्या जागी प्रत्येक सिलिंडरची स्वतंत्र नळी असलेला हेडर बसविल्यास मोकळी जागा आणखी कमी होते. उष्णतेने आवरणाचे अस्तर वितळते, ग्रीस सुकते आणि तार अडकते. म्हणून केबल शक्यतो नळीपासून दूर न्यावी. ते जमत नसेल तर मध्ये हवेची फट ठेवून पत्र्याचा आडोसा द्यावा. पूर्वी यासाठी ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली जाई. तिचे तंतू फुप्फुसांना घातक असल्याने ती आता वर्ज्य मानावी.

शेवटी पेडलला थोडी मोकळी चाल ठेवावी लागते. ती नसेल तर रिलीज बेअरिंग झिजते व क्लच घसरतो; अधिक असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर खरखरतात. आणखी एक बाब अनुभवी मिस्त्रीच ओळखतो. इंजिन व चासी यांमधील अर्थिंगची पट्टी तुटली असेल, तर स्टार्टरचा विद्युतप्रवाह क्लचच्या केबलमधून वाहतो आणि नवी केबलही जळते. अशा वेळी दोष उष्ण नळीचा वाटतो. कारण मात्र वेगळेच असते.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की यंत्राचा इतिहास त्याच्या निर्मितीपाशी संपत नाही. कारखान्याच्या पुस्तिकेत मूळ जोडणीचे चित्र असते. बदललेल्या इंजिनाभोवती केबल कशी वळवावी हे त्यात नसते. ते ज्ञान उस्तादाकडून शागिर्दाकडे हाताने आणि तोंडी गेले. केबलच्या जागी हायड्रॉलिक क्लच आल्याने आणि जुन्या गाड्या भंगारात जात असल्याने हे ज्ञान लवकरच लोप पावण्याची शक्यता आहे. म्हणून महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी जिल्ह्यातील वृद्ध मिस्त्रींच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात व त्यांनी घडविलेले भाग जतन करावेत. दप्तरखान्यात न सापडणारा मराठवाड्याच्या वाहतुकीचा इतिहास त्यांच्या स्मरणातच शिल्लक आहे.