वितरण पेटी (घरगुती)
वितरण पेटी (बोलीभाषेत डीबी) म्हणजे मीटरकडून आलेली वीज घरातील परिपथांत विभागणारी पेटी होय. पेटी भरलेली असताना गिझर वा एसीसाठी नवा परिपथ हवा असल्यास एकाच एमसीबीत दोन तारा कोंबण्याची चूक सर्रास होते. सैल जोड तापून आग लागू शकते. जुन्या तारेवर मोठा एमसीबी बसवणे अधिकच घातक, कारण तार जळू लागली तरी तो पडत नाही. योग्य उपाय म्हणजे एका परिपथाच्या जागेवरून उपपेटीला वीज देऊन तो जुना आणि नवा, असे दोन्ही परिपथ उपपेटीत घेणे. मंजूर भार अपुरा ठरल्यास, इनामगावसारख्या गावांत, महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करावा लागतो. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडेच सोपवावे. मेन स्विच बंद केल्यावरही मीटरकडून येणाऱ्या तारेत वीज असतेच.