उंचीवरून वय ठरते का? पूर्व आफ्रिकेतील क्षरणपृष्ठांचा कालनिर्णय

पाऊस आणि नद्यांनी दीर्घकाळ झिजवून जवळजवळ सपाट केलेल्या भूभागाला क्षरणपृष्ठ म्हणतात. खडकाचे वय मोजता येते. क्षरणपृष्ठ ही मात्र खडक नाहीसा झाल्याची खूण आहे. जे उरलेच नाही त्याचे वय कसे काढायचे? पूर्व आफ्रिकेच्या खचदरी प्रदेशात या प्रश्नाचे उत्तर कसे बदलत गेले, ते पाहू.

1893 साली जॉन वॉल्टर ग्रेगरी यांनी केनियातील खचदरीची पाहणी केली. समांतर विभंगांमधील भूभाग खाली खचून ती तयार झाली, असे त्यांनी मांडले. विसाव्या शतकात लेस्टर किंग यांनी आफ्रिकेतील सपाट पृष्ठे उंची व स्वरूपावरून ताडून ‘गोंडवाना’, ‘आफ्रिकन’ अशा क्रमाने लावली. उंच पृष्ठ जुने, खालचे नवे, हा त्यामागचा ढोबळ नियम. खचदरीत तो फसतो. विभंगामुळे एकच पृष्ठ एकीकडे वर उचललेले, तर दुसरीकडे खोल गेलेले असते. बेंचमार्कच हलला असेल, तर सर्वेक्षणातील पातळ्यांवर आपण विश्वास ठेवू का? शिवाय उंचीवरून वय आणि त्याच वयावरून भूमीची उचल काढली, तर तर्क गोल फिरत राहतो.

1960च्या दशकात विल्यम बिशप आणि ॲलेक ट्रेंडल यांनी युगांडात पृष्ठाच्या उंचीपेक्षा त्यावर काय साचले आहे, याकडे लक्ष दिले. नपाक ज्वालामुखीचे थर तेथील जुन्या पृष्ठावर पसरले आहेत आणि त्यांत मायोसीन काळातील प्राण्यांचे जीवाश्म आहेत. अशा थरांचे वय पोटॅशियम–आर्गॉन पद्धतीने काढता येते. वितळलेल्या लाव्हातून आर्गॉन वायू निघून जातो. थिजल्यावर पोटॅशियम-40च्या ऱ्हासातून तो पुन्हा साठू लागतो. या ऱ्हासाचा अर्धायुकाल सुमारे 125 कोटी वर्षे आहे. नपाकचे थर सुमारे 2 कोटी वर्षांपूर्वीचे ठरले. म्हणजे त्यांखालचे पृष्ठ त्याहून जुने. किती जुने, हे थर सांगत नाहीत.

केनियातील याट्टा पठार याच पद्धतीचा आणखी एक उपयोग दाखवते. सुमारे 1 कोटी 35 लाख वर्षांपूर्वी लाव्हा एका नदीच्या दरीतून वाहत गेला. भोवतालची जमीन झिजली, कठीण लाव्हा टिकला. आज तीच दरी जवळपास 300 किलोमीटर लांबीचे पठार होऊन उभी आहे. पठाराचा माथा आणि भोवतालची जमीन यांतील अंतरावरून त्या काळात किती झीज झाली, याचा अंदाज येतो.

म्हणून नकाशावर सपाट माथा दिसला की आधी त्यावर काय साचले आहे आणि त्याला कोणता विभंग छेदतो, हे विचारावे. उंचीचा विचार त्यानंतर.